उद्याचं हवामान सांगणारा कप्तान



रॉबर्ट फिट्झरॉय हे नाव आपल्यापैकी ज्यांच्या कानावरून गेलं असेल, त्यांना ते डार्विनच्या चरित्रात भेटलं असणार. ‘बीगल’ जहाजाचा कप्तान. तापट, कर्मठ, बायबलचा अक्षर न् अक्षर खरा मानणारा, आणि शेवटी स्वतःच्या हातानं गळा कापून घेतलेला. एवढ्यावर त्याची बोळवण होते. आज मी डार्विनला थोडा वेळ बाजूला बसवून या कप्तानाच्या नोकरीबद्दल बोलणार आहे. मुद्दाम ‘नोकरी’ म्हणतो. पराक्रम सांगावा अशी एकही लढाई त्याच्या नावावर नाही. होती ती सरकारी चाकरी, आणि त्या चाकरीत एक प्रश्न त्याच्यापुढे सारखा येत राहिला: आपल्याला पुरतं कळलेलं नाही, पण धोका दिसतो आहे, अशा वेळी बोलावं की गप्प बसावं?

5 जुलै 1805 रोजी इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातल्या ॲम्प्टन हॉल या वाड्यात त्याचा जन्म झाला. आजोबा ड्यूक ऑफ ग्राफ्टन, एके काळचे इंग्लंडचे पंतप्रधान. घराणं दुसऱ्या चार्ल्स राजाच्या अनौरस मुलापासून चालत आलेलं. मामा लॉर्ड कासलरे परराष्ट्रमंत्री होता. नेपोलियननंतरच्या युरोपची घडी बसवणाऱ्यांत त्याचं नाव पुढे येतं. याच मामानं 1822 साली मानसिक तोल जाऊन चाकूनं आपला गळा कापला. भाचा तेव्हा 17 वर्षांचा होता. ही गोष्ट त्याच्या मनातून कधीच गेली नाही.

बाराव्या वर्षी तो पोर्ट्समथच्या नौदल विद्यालयात गेला. 1824 साली लेफ्टनंटच्या परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण पडले. तोवर ते कोणालाच पडले नव्हते. घराण्याचा वशिला होताच. त्या काळच्या आरमारात वशिल्याशिवाय पान हलत नसे. पण पैकीच्या पैकी गुण वशिल्यानं मिळत नाहीत.

1828 साली तो दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर ॲडमिरल ऑटवे यांच्या हाताखाली ‘गँजेस’ या युद्धनौकेवर होता. 84 तोफांची ही नौका आपल्या मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या देखरेखीखाली, सागवानात बांधलेली. 1821 साली पाण्यात उतरलेली. त्याच सुमारास खाली, खंडाच्या पार टोकाला, मॅगेलनच्या सामुद्रधुनीत ‘बीगल’ हे छोटं जहाज किनाऱ्याची मोजणी करत होतं. थंडी, सततचा पाऊस, खलाशांमध्ये आजारपण आणि महिनोन्‌महिने बोलायला बरोबरीचा माणूस नाही. ‘बीगल’चा कप्तान प्रिंगल स्टोक्स यानं पोर्ट फॅमिन इथं स्वतःवर पिस्तूल झाडलं. तो लगेच मेलाही नाही, काही दिवस तडफडून गेला. त्याच्या जागी ऑटवेनं आपला 23 वर्षांचा लेफ्टनंट नेमला. फिट्झरॉयला जहाज मिळालं ते असं.

कप्तानपदाचे पहिले काही आठवडेही उलटले नाहीत तोच, जानेवारी 1829 च्या अखेरीस, युरुग्वेच्या किनाऱ्याजवळ माल्डोनाडो इथं त्याला पाम्पेरोनं गाठलं. पाम्पेरो म्हणजे तिकडच्या गवताळ पठारावरून अचानक समुद्रात घुसणारा वारा. बॅरोमीटर आधीपासून उतरत चालला होता, हवा कोंदट झाली होती, क्षितिजावर विजा चमकत होत्या. तरुण कप्तानानं ते मनावर घेतलं नाही. वारा आला तो असा की जहाज आडवं पडलं, डोलकाठ्यांचे वरचे भाग मोडले, आणि शिडं गुंडाळायला परवाणावर चढलेले दोन खलाशी समुद्रात फेकले गेले. ते हाती लागले नाहीत. आपण बॅरोमीटर वाचला नाही हा सल फिट्झरॉयनं पुढे लपवला नाही. त्याच्या पुढच्या छत्तीस वर्षांचा धागा मला या दोन माणसांपाशी सापडतो.

या पहिल्याच फेरीत त्यानं एक अशी गोष्ट केली की जिचं समर्थन करता येत नाही. तिएरा देल फ्युगो बेटांवर तिथल्या लोकांनी जहाजाची एक होडी पळवली. फिट्झरॉयनं ओलीस म्हणून काही जण धरले आणि होडी परत न मिळाल्यावर एकूण चौघांना थेट इंग्लंडला नेलं. त्यांना नावंही खलाशांनी ठेवली. एका मुलाच्या बदल्यात शिंपल्याचं एक बटण दिलं, म्हणून तो ‘जेमी बटन’. त्याचं खरं नाव ओरुंडेलिको. चौघांपैकी एक देवीच्या रोगानं गेला. उरलेल्यांना लंडनजवळच्या शाळेत घातलं, राजा-राणीपुढे उभं केलं. त्यांना सुधारून मायदेशी पोचवायचं, असा कप्तानाचा बेत होता. त्यात दुष्टावा नव्हता, पण समोरच्या माणसाला काय हवं हे विचारायची गरज वाटू नये, इतका स्वतःच्या चांगुलपणावर विश्वास होता. पुढे 1834 साली परत गेलेला जेमी भेटला तो वाळलेला, केस वाढलेला, कातड्याचा तुकडा नेसलेला. इंग्लंडला चल म्हटल्यावर त्यानं सरळ नाही म्हटलं. पण मला इथं नोंदवायचंय ते एवढंच की त्यांना परत पोचवण्याचा शब्द फिट्झरॉयनं पाळला. नौदल टाळाटाळ करू लागलं तेव्हा स्वतःच्या खर्चानं जहाज ठरवायचीही त्यानं तयारी केली होती. दिलेला शब्द आणि स्वतःचा खिसा, या दोन्हींचा हिशेब त्याला कधीच वेगळा ठेवता आला नाही.

मग आली ती प्रसिद्ध सफर. 27 डिसेंबर 1831 ते 2 ऑक्टोबर 1836. कप्तान 26 वर्षांचा, डार्विन 22 वर्षांचा. डार्विन जहाजावर आला कशासाठी? मामाचा अंत आणि स्टोक्सचा अंत कप्तानाच्या डोळ्यांपुढे होता. खलाशांशी मैत्री करायची नाही ही आरमाराची शिस्त, आणि एकटेपणाचं भय तर पोटात. म्हणून त्यानं जेवणाच्या टेबलावर समोर बसेल असा एक सुशिक्षित सोबती मागितला. डार्विनचं नाक पाहून या माणसाला चिकाटी नसणार, असंही त्याला आधी वाटलं होतं. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याच्या तेव्हाच्या शास्त्रावर त्याचा भारी विश्वास. तरी त्यानं डार्विनला घेतलं, आणि लायलच्या भूशास्त्राच्या ग्रंथाचा पहिला खंडही भेट दिला. पृथ्वी लक्षावधी वर्षं हळूहळू घडत आली असं सांगणारं पुस्तक डार्विनच्या हाती ठेवणारा माणूस पुढे नोहाच्या जलप्रलयाचा पुरस्कर्ता झाला. ही गंमत इतिहासात लिहून ठेवावी अशीच आहे.

दोघांचं भांडण झालं ते ब्राझीलमध्ये, गुलामगिरीवरून. एका मळेवाल्यानं आपल्या गुलामांना फिट्झरॉयदेखत विचारलं, तुम्हाला सुटका हवी का? सगळे नाही म्हणाले. डार्विननं विचारलं, मालकासमोर दिलेल्या उत्तराला किंमत किती? कप्तान असा भडकला की आता एकत्र राहणं शक्य नाही म्हणाला. काही तासांनी त्यानंच माणूस पाठवून माफी मागितली. जहाजावरचे अधिकारी सकाळी एकमेकांना विचारत, आज ‘गरम कॉफी’ किती वाढली गेली? म्हणजे कप्तानाचा पारा किती चढलाय.

पण काम? जहाजावर 22 क्रोनोमीटर होती, म्हणजे समुद्रात वेळ अचूक राखणारी घड्याळं, आणि पृथ्वीभोवती त्यांच्या आधारानं रेखांशांची साखळी बांधायची होती. नौदलाच्या सागरी नकाशा खात्याचा प्रमुख फ्रान्सिस बोफर्ट यानं हे काम नेमून दिलं होतं. वाऱ्याचा जोर मोजायची बोफर्टची श्रेणी आपण शाळेत शिकतो, तोच हा बोफर्ट. त्या श्रेणीचा अधिकृत वापर प्रथम याच सफरीत झाला. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडल्या त्या फाटक्या किनाऱ्याचे फिट्झरॉयनं केलेले नकाशे पुढे पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दींनी वापरले. काम मोठं आणि जहाज एकच, म्हणून त्यानं स्वतःचे सुमारे 1300 पौंड घालून ‘ॲडव्हेंचर’ नावाचं दुसरं गलबत विकत घेतलं. नौदलानं खर्च नामंजूर केला. 1834 साली वाल्पारायसोला ते गलबत विकावं लागलं आणि कप्तान खचला. आपणही मामाच्या वाटेनं चाललो आहोत असं त्याला वाटू लागलं; त्यानं राजीनामा लिहिला. विकहॅम या त्याच्या दुय्यम अधिकाऱ्यानं, ज्याला कप्तानपद आपसूक मिळणार होतं त्यानंच, त्याची समजूत घातली आणि राजीनामा मागे घ्यायला लावला. विकहॅमनं तसं केलं नसतं तर ‘बीगल’ तिथून थेट घरी वळलं असतं आणि डार्विनला गॅलापॅगोस दिसलीच नसती.

1837 साली त्याला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. 1841 साली तो डरहॅममधून संसदेत निवडून आला. तिथल्या राजकारणात त्याचं मन रमलं नाही, पण एक विधेयक त्यानं मांडलं: व्यापारी जहाजावरच्या कप्तानांनी आणि तांडेलांनी परीक्षा देऊन दाखला घेतला पाहिजे. तोवर मालकाच्या मर्जीतला कोणीही जहाज हाकत असे. विधेयक तेव्हा बारगळलं. परीक्षेची सक्ती कायद्यात आली ती 1850 साली.

मग न्यूझीलंडचं गव्हर्नरपद. तो तिथं पोचण्याच्या काही महिने आधी, जून 1843 मध्ये, वैराऊ इथं तिथल्या मूळच्या माओरी लोकांशी जमिनीच्या वादातून चकमक झाली आणि 22 इंग्रज मारले गेले. गोऱ्या वसाहतवाल्यांना सूड हवा होता. फिट्झरॉयनं चौकशी केली आणि माओरी प्रमुख ते राउपराहा याला समोर बसवून सांगितलं की पहिली चूक आमच्या लोकांची, त्यांना त्या जमिनीवर हक्क नव्हता. मी सूड घेणार नाही. माओरींनी कैद्यांना मारलं याचा त्यानं निषेध केलाच. पण निकाल फिरवला नाही. वसाहतीचा गव्हर्नर असं बोलतो ही त्या काळात अघटित गोष्ट. तिजोरीत पैसा नाही, सैन्य नाही, आणि आता गोऱ्यांचा पाठिंबाही नाही. त्यानं कागदी हुंड्या काढल्या, जकात उठवली, पुन्हा बसवली. उत्तरेत होने हेके या प्रमुखानं इंग्रजी निशाणाची काठी पुनःपुन्हा तोडली आणि मार्च 1845 मध्ये कोरोरारेका गाव पडलं. दोन वर्षांच्या आत फिट्झरॉयला परत बोलावलं. कारभारी म्हणून तो कच्चा होता यात शंका नाही. वैराऊचा त्याचा निकाल मात्र आज न्यूझीलंडमध्येही न्याय्य मानला जातो.

1850 साली तब्येतीमुळे तो जहाजावरून उतरला. वारशाचा पैसा संपत आलेला. दोन वर्षांनी पहिली पत्नी मेरी वारली. अशा माणसाला 1854 साली व्यापार मंडळानं एक नवं खातं दिलं: हवामान खातं. हाताखाली तीन-चार माणसं. काम आकडे गोळा करण्याचं. जहाजांना तपासलेली उपकरणं द्यायची, परत आल्यावर त्यांच्या नोंदी घ्यायच्या, तक्ते करायचे. पदाचं नावही ‘हवामानाचा सांख्यिक’ अशा अर्थाचं. उद्या काय होईल हे सांगायला कोणी त्याला नेमलं नव्हतं. संसदेत याच सुमारास एका सदस्यानं, लंडनचं हवामान चोवीस तास आधी कळू शकेल, असं म्हटलं तर सभागृहात हशा पिकला होता.

आकडे गोळा करता करता फिट्झरॉयनं पहिली आगळीक केली ती मासेमारांसाठी. किनाऱ्यावरच्या गरीब कोळीवाड्यांना त्यानं सरकारी बॅरोमीटर देववले. भिंतीत बसवलेले, मोठ्या अक्षरांचे, पहाटे होडी लोटण्याआधी कोणालाही वाचता येतील असे. पारा कुठं आहे यापेक्षा तो कुठल्या बाजूला चाललाय हे पाहा, असं तो शिकवायचा. माल्डोनाडोला जे स्वतः वाचलं नाही ते आता तो दुसऱ्यांच्या दारात टांगत होता.

25 आणि 26 ऑक्टोबर 1859. मेलबर्नहून लिव्हरपूलला निघालेली ‘रॉयल चार्टर’ ही लोखंडी आगबोट, ऑस्ट्रेलियाच्या खाणीतलं सोनं कंबरेला बांधून घरी परतणाऱ्या लोकांनी भरलेली, वेल्समधल्या अँगलसी बेटाच्या खडकावर फुटली. किनारा हाताशी होता. सुमारे 450 माणसं गेली. एकही बाई, एकही मूल वाचलं नाही. त्या एका वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यावर 133 जहाजं बुडाली. फिट्झरॉयनं त्या वादळाच्या तासातासाच्या नोंदी मागवल्या, नकाशांवर मांडल्या आणि दाखवून दिलं की वादळ एका जागेहून दुसरीकडे सरकत गेलं. तार त्याच्याहून वेगानं जाते. म्हणजे एका बंदरात वादळ दिसलं की पुढच्या बंदराला सांगता आलं असतं.

यातून धोक्याच्या सूचनांची पद्धत उभी राहिली. तिच्याकडे जरा जवळून पाहू. निशाणं वापरली तर वारा पडल्यावर ती लोंबतात, आणि वारा असला तरी एका बाजूनं दिसतात, दुसऱ्या बाजूनं नुसती रेघ. म्हणून फिट्झरॉयनं कड्यांवर काळं कॅनव्हास ताणून दोन आकार केले, एक शंकू आणि एक पिंप. कुठूनही पाहा, आकार तोच. शंकूचं टोक वर असलं तर उत्तरेकडून तुफान, खाली असलं तर दक्षिणेकडून. पिंप म्हणजे एकामागून एक वेगवेगळ्या दिशांनी. शंकू आणि पिंप दोन्ही, तर होडी बाहेर काढूच नका. रात्री याच आकारांत कंदील. लिहिता-वाचता न येणाऱ्या कोळ्याला हे एका दिवसात समजतं. पहिली सूचना 6 फेब्रुवारी 1861 रोजी गेली.

आपल्या कोकण किनाऱ्यावर ‘बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला’ म्हणतात, त्यामागे हीच कल्पना आहे. आपल्या बंदरांच्या संकेतांत शंकू आणि पिंप अजून आहेत. कलकत्त्याला ऑक्टोबर 1864 मध्ये भयंकर चक्रीवादळ झालं, त्यानंतर 1865 साली तिथल्या बंदरात धोक्याच्या सूचना सुरू झाल्या. भारताचं हवामान खातं निघालं 1875 साली, आणि 1928 साली त्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आपण अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतो. रिक्षावाल्यालाही तो पत्ता कळतो, खातं कळो न कळो.

1 ऑगस्ट 1861 रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पहिला सार्वजनिक अंदाज छापून आला. उत्तर, पश्चिम, दक्षिण असे तीन भाग, प्रत्येकाला वारा आणि हवा, बस्स. त्यामागची दिनचर्या अशी: सकाळी आठला ठिकठिकाणी बॅरोमीटर, तापमान, वारा यांची नोंद. दहाला त्यांच्या तारा पार्लमेंट स्ट्रीटवरच्या कचेरीत. तिथं आकडे दुरुस्त करून साहेबांपुढे. साहेबांनी ते वाचून मनाशी चित्र उभं करायचं, कारण आजच्यासारखी समीकरणं नाहीत, गणित करणारं यंत्र नाही. अकराला अंदाज बाहेर: वर्तमानपत्रांना, जहाजांचा विमा उतरवणाऱ्या लॉइड्‌सला, नौदलाला, लष्करी मुख्यालयाला. एका तासात! रविवार सोडून रोज. आणि हे भविष्य नव्हे, उपलब्ध नोंदींवरून काढलेला कयास आहे, असं तो पुनःपुन्हा बजावत राहिला. ऐकणाऱ्यांनी ते ऐकलं नाही. आपणही कुठं ऐकतो? वेधशाळेनं पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद आपल्याकडे दर पावसाळ्यात नवा असल्यासारखा सांगितला जातो.

अंदाज चुकू लागले, म्हणजे काही चुकले. खुद्द ‘टाइम्स’नं लिहिलं की हे अंदाज बरोबर आले तर श्रेय आम्हाला नको, पण चुकले तर जबाबदारीही आमची नाही. तारांच्या खर्चावरून बोंब झाली. पंचांगवाले ज्योतिषी म्हणू लागले, हा आमच्या धंद्यातला. शास्त्रज्ञ म्हणू लागले, हा ज्योतिषी. या दुसऱ्या टीकाकारांत फ्रान्सिस गॅल्टन होता, डार्विनचा सावत्र आतेभाऊ आणि आकड्यांचा पक्का. त्याचं म्हणणं टाकाऊ नव्हतं: नियम सापडला नसेल तर अंदाज कशाच्या बळावर सांगता? आधी वर्षानुवर्षं नोंदी करा, नियम काढा, मग बोला. प्रयोगशाळेत बसलेल्याला हे शोभतं. फिट्झरॉय मात्र एकदा दोन माणसं गमावून बसलेला खलाशी होता. दहापैकी चार सूचना वाया गेल्या तरी कोळ्याचा एक दिवस बुडतो. दिलीच नाही आणि वादळ आलं तर कोळी बुडतो. हा हिशेब कुठल्याही नाखव्याला सांगावा लागत नाही. माझं मत उघडच फिट्झरॉयच्या बाजूचं आहे, पण त्याच्या हवामानावरच्या पुस्तकात चंद्र-सूर्याच्या आकर्षणाचा हवेवर होणाऱ्या परिणामाबद्दल जे लिहिलंय ते वाचलं की गॅल्टन का वैतागला तेही समजतं.

दरम्यान डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक आलं. 1860 च्या जूनमध्ये ऑक्सफर्डला जी गाजलेली वादावादी झाली तिथं फिट्झरॉय होता; तो आला होता वादळांवर निबंध वाचायला. उठून, हातात बायबल धरून, त्यानं माणसापेक्षा देवावर विश्वास ठेवा असं विनवलं, आणि लोकांनी त्याला खाली बसवलं. आपल्याच जहाजावरून हा विचार घरात शिरला, ही टोचणी त्याला होती. या प्रसंगावर नाटकं रंगवता येतात. मला वाटतं, त्याला जास्त पोखरलं ते रोज सकाळच्या अकराच्या मुदतीनं.

1863 साली तो व्हाइस ॲडमिरल झाला. ऐकू कमी येऊ लागलं होतं, झोप उडाली होती, पैसा संपला होता. 1865 च्या वसंतात कुटुंब लंडनबाहेर अप्पर नॉरवुडला राहायला गेलं. 30 एप्रिल, रविवारची सकाळ. तो उठला, मुलीचा निरोप घेतला, आतल्या खोलीत जाऊन दार लावलं आणि वस्तऱ्यानं गळा कापला. मामासारखाच. सरकारी कामात त्यानं घरचे हजारो पौंड घातले होते हे मागाहून बाहेर आलं. बायको-मुलांसाठी वर्गणी उभी राहिली, ती उभारण्यात ‘बीगल’वरचा त्याचा जुना अधिकारी सलिव्हन पुढे होता. डार्विननं 100 पौंड दिले.

यानंतर त्याच्या कामाची तपासणी करायला समिती बसली आणि त्यात गॅल्टन होता. 1866 साली अहवाल आला: दैनिक अंदाजांना शास्त्रीय आधार नाही. अंदाज बंद झाले आणि डिसेंबरमध्ये बंदरांवरच्या धोक्याच्या सूचनाही थांबल्या. शास्त्राची प्रतिष्ठा राखली गेली. मग बंदरांतून तक्रारी येऊ लागल्या. कोळ्यांनी, जहाजवाल्यांनी, व्यापार मंडळातल्या अधिकाऱ्यांनी आपापल्या परीनं विचारलं, ते काळे शंकू कुठं गेले? ज्यांना ते चुकतात हे सगळ्यांत जास्त ठाऊक होतं, त्यांनाच ते हवे होते. जवळपास वर्षभरानं सूचना पुन्हा सुरू कराव्या लागल्या.

समितीचं गणित बरोबर होतं आणि निर्णय चुकीचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. फिट्झरॉयच्या नावानं आज पॅटागोनियात एक शिखर आहे, आणि 2002 पासून ब्रिटनच्या सागरी हवामान-वार्तेत एका समुद्रक्षेत्राला त्याचं नाव आहे. माणसाचं नाव असलेलं तेवढं एकच. वर्तमानपत्रातले रोजचे अंदाज मात्र हवामान खात्यानं पुन्हा सुरू केले ते 1879 साली, फिट्झरॉयला जाऊन चौदा वर्षं झाल्यावर.